वाऱ्याचा मुलगा

सकाळी आठच्या सुमारास विरारहून येणारी चर्चगेटची गाडी वसई रोड स्टेशनवर थांबते, तेव्हा व्यायामशास्त्राचा एक उत्तम पाठ फुकट पाहायला मिळतो. दारात लटकलेल्या माणसांच्या भिंतीला नुसत्या बळाने धडक देणारा गडी परत फलाटावर फेकला जातो. नुसता चपळ असलेला माणूस फट दिसताच आत घुसतो खरा. पण आतून कुणी खांदा लावला की बाटलीच्या बुचासारखा बाहेर येतो. आणि ज्याला कमरेत वाकता येत नाही, त्याने तर सरळ पुढच्या गाडीची वाट पाहावी. बळ, चपळाई आणि लवचीकपणा हे तिन्ही गुण ज्याच्या अंगी एकाच क्षणी एकत्र येतात, त्यालाच चौथी सीट लाभते. निदान एका पायावर उभे राहायला तरी मिळते.

हा पाठ मी वीस वर्षे रोज गिरवीत आलो. पण त्याचा अर्थ मला समजला तो माझ्या मुलीमुळे, आणि तोही फार उशिरा.

आमची कन्या ज्युदो खेळते. दोन वर्षांपूर्वी, ती तेरा वर्षांची असताना, एका स्पर्धेत मी तिची कुस्ती (तिच्या शब्दांत ‘बाऊट’) पाहायला गेलो होतो. पोर विजेसारखी हलत होती. समोरची मुलगी तिच्यापेक्षा मंद होती, पण हातांची घट्ट होती. तिने एकदा आमच्या मुलीची कॉलर धरली, ती पुन्हा सोडलीच नाही. पुढे काय व्हायचे ते झाले. रात्री जेवताना मुलगी म्हणाली, “बाबा, तिनं धरलं की मला काही करताच येईना. मला ताकदच नाही.”

“मग कमव की,” मी सहज म्हणालो.

“सर नको म्हणतात. वजनं उचलली की अंग बांधलं जातं. स्पीड जातो, वाकताही येत नाही.”

यावर मी काहीतरी बोलायला हवे होते. मी ताटातला भात कालवीत राहिलो. कारण तिच्या सरांचे म्हणणे मला शंभर टक्के पटत होते. पुस्तकातून नव्हे, स्वतःच्या अंगावरच्या अनुभवातून!

वाचकहो, आज माझ्याकडे पाहून खरे वाटणार नाही. पण लहानपणी मी मल्लखांब करीत असे. आमच्या व्यायामशाळेचे मास्तर दिवसा पोस्टात नोकरी करीत आणि संध्याकाळी आम्हा पोरांना दोरीवर आणि लाकडावर चढवीत. साधी अढी, दसरंग, बगली, सुईदोरा हे शब्द मला व्याकरणातल्या शब्दांच्या कितीतरी आधी पाठ झाले. सोळाव्या वर्षी मला एका सिनेनटाच्या दंडांनी भुरळ घातली. स्टेशनजवळ नवीनच निघालेल्या एका जिममध्ये मी नाव घातले आणि मल्लखांब सोडला. सोडला म्हणजे काय, ‘आठवड्यातून एकदा येईन’ असे मास्तरांना सांगितले आणि गेलो नाही. आठ महिन्यांत दंड बारा इंचांचे चौदा झाले. मला कोण अभिमान! शर्टाच्या बाह्या मी मुद्दाम आखूड शिवून घेतल्या.

त्या वर्षी दसऱ्याला व्यायामशाळेत मल्लखांबाची पूजा होती. पूजा झाल्यावर प्रत्येकाने एकेक प्रकार करायचा, अशी रीत. मी ऐटीत उडी घेऊन दोरी धरली आणि दसरंगासाठी अंग उलटे टाकायला गेलो. अंग उलटेना. खांदे अर्ध्या वाटेत अडकले, पोटऱ्यांना गोळे आले आणि मी आडाला टांगलेल्या पोहऱ्यासारखा दोरीवर गरगर फिरत राहिलो. लहान पोरे खदाखदा हसली. खाली उतरलो तेव्हा मास्तर हसले नाहीत. एवढेच म्हणाले, “बळ कमावलंस, चांगलं केलंस. पण कुठल्या वाटेनं आणलंस ते?”

मी उत्तर दिले नाही. व्यायामशाळेची पायरी उतरलो, ती पुन्हा चढलो नाही. वजनांनी माझा मल्लखांब घालवला, हा सिद्धांत मात्र पुढची पंचवीस-तीस वर्षे उराशी बाळगला. मास्तरांनी प्रश्न विचारला होता, हे मी विसरलो; त्यांनी दोष दिला, असेच मनात धरून बसलो.

पुढच्या स्पर्धेत मुलगी पुन्हा हरली, अगदी तशीच. मग एके दिवशी सौभाग्यवतींनी सांगितले, “तिनं ज्युदोचा पोशाख धुऊन, घडी करून माळ्यावर टाकलाय.” पोरीने आदळआपट केली असती तर मला इतके वाईट वाटले नसते. ती व्यवस्थित घातलेली घडी मला झोप येऊ देईना. मी पायरी उतरलो होतो तसाच हा प्रकार होता. माझा गैरसमज मी तिला वारसाहक्काने देत होतो की काय?

मराठीचा प्राध्यापक अडचणीत सापडला की ग्रंथालयात जातो. मीही गेलो. बडोद्याच्या आबासाहेब मुजुमदारांनी १९३६ ते १९४९ या काळात ‘व्यायाम ज्ञानकोश’ दहा खंडांत सिद्ध केला. ते जाडजूड खंड चाळता चाळता पहिली गोष्ट ध्यानात आली ती अशी, की बळ आणि चपळाई यांचे भांडण आपल्या आखाड्याला ठाऊकच नव्हते. आपल्याकडे बळाचे दैवत कोण? मारुती. समर्थ रामदासांनी गावोगावी स्थापला तो, आणि तालमीच्या कोनाड्यात शेंदूर लावून बसतो तो. आणि हा मारुती कुणाचा मुलगा? वाऱ्याचा! ज्या समाजाने आपल्या बलभीमाला वायुपुत्र मानले, त्याला बळ म्हणजे मंदपणा असे कधीच वाटले नसणार.

मल्लखांबाची कथा तर याच प्रश्नाचे उत्तर आहे. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळी निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब नावाचे दोन दांडगे मल्ल पुण्यास आले आणि त्यांनी आव्हान दिले. कुणी पुढे होईना. तेव्हा बाळंभटदादा देवधर नावाच्या तरुणाने मुदत मागितली, तो वणीच्या सप्तशृंगीला गेला, आणि झाडांवर खेळणारी माकडे पाहून त्याला लाकडावरच्या पकडींची युक्ती सुचली, असे परंपरा सांगते. खांबावरच्या कसरतीचा उल्लेख त्याही आधी, बाराव्या शतकातल्या सोमेश्वर राजाच्या ‘मानसोल्लासा’त आहे, पण ती विद्या नव्याने उभी केली ती बाळंभटदादांनी. कथेत दैवी भाग किती हे बाजूला ठेवू. त्यातली शारीरिक मेख मात्र पक्की आहे. एरंडेल चोळलेला सागवानी किंवा शिसवी खांब हा असा प्रतिस्पर्धी आहे, की तो दमत नाही आणि निसटायला मात्र सदैव तयार असतो. त्याला धरायचे तर बळ हवे, त्याच्याभोवती अंग फिरवायचे तर सांधे मोकळे हवेत, आणि पकड बदलायची तर क्षणाचाही उशीर चालत नाही. तिन्ही गोष्टी एकाच वेळी, एकाच कसरतीत. जोडी फिरवणेही तसेच. भार जड, पण फेरा पुरा. खांदा बळकट होतो आणि मोकळाही राहतो.

मग वजनांचे काय? त्या बिचाऱ्यांवरचा आरोप अमेरिकेतही होता. तिथल्या क्रीडाशिक्षकांची पक्की समजूत होती, की वजने उचलणाऱ्याचे स्नायू एकमेकांत अडकतात. स्प्रिंगफील्ड कॉलेजात पीटर कार्पोविच नावाचे शरीरशास्त्राचे प्राध्यापक होते, तेही याच मताचे. १९४० साली तिथे जॉन ग्रिमेक नावाच्या शरीरसौष्ठवपटूचे प्रात्यक्षिक झाले. हा गडी त्या वर्षी आणि पुढच्याही वर्षी ‘मिस्टर अमेरिका’ ठरला. कार्पोविचसाहेबांनी सर्वांसमक्ष पृच्छा केली, की याला स्वतःची पाठ तरी खाजवता येते का? ग्रिमेकने दोन्ही हातांनी पाठ खाजवून दाखवली. एवढेच नव्हे, तर दोन्ही पाय फाकून तो जमिनीला टेकला. साहेब सच्चे विद्वान होते. रागावले नाहीत, तपासायला बसले. त्यांनी आणि विल्यम झोर्बास यांनी वजने उचलणारे ३०० आणि न उचलणारे ३०० लोक घेऊन हात फिरवण्याचा वेग मोजला. १९५१ साली निष्कर्ष छापला: वजने उचलणारेच वेगवान!

त्याच्या पुढच्याच वर्षी, १९५२ साली, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. हा मल्ल हलक्या वजनगटातला. लाल मातीत, तालमीच्या मेहनतीवर वाढलेला. त्यांच्या ताकदीने त्यांची चपळाई खाल्ली, असे कुणी म्हणाले नाही.

इतके वाचल्यावर मी आमच्या कॉलेजातल्या क्रीडाशिक्षकांना गाठले आणि माझी जुनी कहाणी सांगितली. त्यांनी विचारले, “त्या आठ महिन्यांत दोरी किती वेळा धरलीत?”

“एकदाही नाही.”

“व्यायाम कुठले करत होता?”

मी आठवून सांगितले. छाती आणि दंड, दंड आणि छाती. रोज. हात थरथरेपर्यंत. वजन जास्त लावता यावे म्हणून हालचाल अर्धीच. पायांच्या वाटेला काही नाही.

“मग सर, वजनांनी तुमचं काय बिघडवलं? अर्ध्या चालीत बळ कमावलंत, ते अर्ध्या चालीतच राहिलं. दमलेल्या अंगानं सावकाश हालायची सवय लावलीत, अंग सावकाश हालायला शिकलं. आणि दोरी सोडलीत, म्हणून दोरी गेली.”

सत्तावीस वर्षांचा माझा सिद्धांत दोन मिनिटांत कोसळला. मराठीत ‘ताठा’ या एकाच शब्दात अंगाचा कडकपणा आणि मनाचा गर्व हे दोन्ही अर्थ आहेत. त्या दिवशी मला दोन्ही अर्थ एकदम समजले.

त्यांनी मग जे समजावून दिले, ते वाचकांच्या घरीही उपयोगी पडेल. बळ दोन मार्गांनी वाढते. एक, स्नायू जाड होऊन. दुसरे, मेंदूकडून येणारा हुकूम एकाच वेळी स्नायूच्या अधिक तंतूंपर्यंत पोहोचून. नवशिक्याची पहिल्या काही आठवड्यांतली वाढ बहुतेक या दुसऱ्या प्रकारची असते. म्हणून वजन फारसे न वाढता माणूस बळकट होऊ शकतो. वजनगटात खेळणाऱ्याला हे फार महत्त्वाचे. दुसरे असे, की स्नायूला आपला पुरा जोर लावायला सुमारे एक-तृतीयांश सेकंद किंवा थोडा जास्तच वेळ लागतो. ठोसा किंवा झटका याहून कमी वेळात संपतो. तेव्हा नुसता जोर किती, यापेक्षा तो किती झटकन जागा होतो याला मोल. आणि तिसरे, वेग म्हणजे केवळ आवळणे नव्हे, तर विरुद्ध बाजूच्या स्नायूने वेळेवर सैल होणेही. जो सगळे अंग आवळून धरतो, तो स्वतःशीच कुस्ती खेळत असतो.

या तीन गोष्टींवरून आमची आखणी झाली. आजीने प्रथम हरकत घेतली. “मुलीची जात, वजनं उचलून उंची खुंटली म्हणजे?” म्हणून आम्ही मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, नीट पद्धतीने केले तर उंची खुंटण्याचे भय नाही. आजी गप्प बसली. पटले म्हणून नव्हे, डॉक्टरांची फी दिली म्हणून.

मुलीने माळ्यावरून पोशाख काढला. नियम असा ठरला, की ज्युदोचा सराव आधी, ताज्या अंगाने. बळाचा व्यायाम नंतर किंवा वेगळ्या दिवशी. आठवड्यातून दोनच वेळा, आणि दोहोंच्या मध्ये निदान ४८ तास. भार पुरेसा जड, पण एका दमात चार-पाच वेळाच उचलायचा, आणि अजून एक-दोनदा उचलता येईल असे वाटत असतानाच थांबायचे. मग दोन-तीन मिनिटे स्वस्थ विश्रांती. प्रत्येक हालचाल पुरी: बैठक खालपर्यंत, जोर छाती टेकेपर्यंत. खाली जाताना सावकाश, वर येताना मनात वीज. पुऱ्या चालीत भार उचलला तर सांधे आखडत तर नाहीतच, उलट मोकळे होतात. अंग ताणून धरण्याचे व्यायाम शेवटी; कारण खेळण्यापूर्वी एकेक स्नायू मिनिट-मिनिटभर ताणून ठेवला, तर त्याचा झटका काही काळ मंदावतो. खेळापूर्वी हातपाय नुसते झुलवून मोकळे करावेत.

साधने घरचीच. वाडीतल्या बावखलाकाठच्या आंब्याच्या फांदीला जुना ज्युदोचा पोशाख बांधला. त्याची कॉलर धरून लोंबकळायचे आणि अंग वर खेचायचे. पकड सुटत नव्हती म्हणून हरली ना? मग पकडीचेच बळ, पकडीच्याच कापडावर. जमिनीवरून उचलायला पोत्यात वजन हवे होते. माझ्या कपाटातले दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड कामी आले. मराठी भाषा किती जड आहे हे कन्येला प्रथमच उमगले. “बाबा, ‘क’पासून ‘ण’पर्यंत आज सहज उचललं,” असे ती म्हणाली, तेव्हा मला एम.ए. झाल्याचे सार्थक वाटले.

सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. मी वहीत नोंद ठेवीत होतो. अर्ध्या मिनिटात ती फेकीच्या पवित्र्यात किती वेळा शिरते, आणि पाय लांब करून पुढे वाकले की बोटे तळव्यांच्या पुढे किती जातात. सुरुवातीला चोवीस वेळा आणि चार बोटे. तिसऱ्या आठवड्यात चोवीसचे एकवीस झाले! माझ्या पोटात गोळा आला. सरांचे म्हणणेच खरे की काय? चौकशी केली तेव्हा बाईसाहेबांनी कबूल केले, की उत्साहाच्या भरात त्या रोज गुपचूप पोते उचलीत होत्या. म्हणजे माझीच मुलगी! वेग बळाने गेला नव्हता, थकव्याने झाकला होता. सहा दिवस पोते बंद केले, सातव्या दिवशी चोवीस परत आले. पाच महिन्यांनी अठ्ठावीस झाले, आणि चार बोटांची पाच बोटे.

तिच्या सरांना ती वही दाखवायला मीच गेलो. मनात धाकधूक होती. त्यांनी पाने उलटली, मुलीला दोनदा गुंतवून पाहिले आणि म्हणाले, “आमच्या सरांनी आम्हाला सांगितलं, ते आम्ही पुढं सांगितलं. ही वही मला दोन दिवस द्याल?” मला त्यांचा आदर वाटला. मी एक गैरसमज सत्तावीस वर्षे जपला. त्यांनी दोन दिवसांची मुदत मागितली.

पुढच्या स्पर्धेत मुलगी पहिली फेरी जिंकली. दुसऱ्या फेरीत समोर तीच घट्ट हातांची मुलगी. तिने कॉलर धरली. आमच्या मुलीने झटक्यात सोडवली. पुन्हा धरली, पुन्हा सोडवली. नेमलेली वेळ संपली, जादा वेळ सुरू झाली, आणि अखेर आमची मुलगीच हरली. कथा रचायची असती तर मी तिला जिंकवली असती. पण ती मॅटवरून खाली आली ती हसत. “बाबा, पाहिलंत? तिला धरून ठेवता आलं नाही मला!”

गेल्या वर्षी दसऱ्याला मी तिला घेऊन जुन्या व्यायामशाळेत गेलो. भिंतींना नवा रंग आहे, पोरांपेक्षा पोरी जास्त आहेत. मास्तर आता ऐंशीच्या पलीकडे गेले आहेत. खुर्चीत बसून असतात, पण ‘पाय ताण’ म्हणून ओरडतात तो आवाज तसाच आहे. त्यांनी मला लगेच ओळखले. मुलीचा पंजा हातात घेऊन दाबून पाहिला, खांदा फिरवून पाहिला. मग म्हणाले, “चढ.” तिला मल्लखांब येत नाही, तरी ती दोरी धरून नुसत्या हातांनी वरपर्यंत गेली आणि अलगद उतरली.

“ही बरोबर वाटेनं आली,” मास्तर म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “आता तू.”

“मास्तर, माझं वय—”

“वय विचारलं नाही मी.”

मी चपला काढल्या. दसरंगाचे नावही काढले नाही. दोरी धरली, अंग हातभर वर उचलले, आणि अंगठ्यात दोरी धरून साधी अढी घातली. पाच-सहा आकडे मोजेपर्यंत टिकली. खाली उतरलो तेव्हा तळवे सोलून निघाले होते. पोरे याही वेळी हसली, आणि त्यांत सगळ्यांत मोठ्याने माझी कन्या. मास्तरांनी मात्र पूजेच्या तबकातले आपट्याचे पान उचलले आणि माझ्या सोललेल्या तळव्यावर ठेवले.

आता रविवारी सकाळी आम्ही दोघे तिथे जातो. ती पकडीसाठी, मी अढीसाठी. परवा दहा आकडे झाले.